डबा म्हणे!

आज नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक बाप पोराला पीटी-76 या हलक्या रणगाड्यासमोरून ओढतच घेऊन गेला. "हा डबा आहे रे, तिकडे पॅटन बघ." डबा! आणि पॅटन जड रणगाडा, म्हणून तो बघायचा. तेव्हापासून डोकं फिरलंय.

रणगाड्याचा भाव किलोवर ठरतो का? भंगारवाल्याकडे ठरत असेल. लढाईत पहिला प्रश्न एकच: तिथे पोचतो का?

1948, काश्मीरचं युद्ध. जोजिला खिंड, साडेअकरा हजार फूट, पाकिस्तानी बाजूच्या ताब्यात. आपल्या सातव्या लाइट कॅव्हलरी रेजिमेंटचे हलके स्टुअर्ट रणगाडे, वजन पंधरा टनांच्या आसपास. जम्मू-श्रीनगर रस्त्यावरच्या पुलांना तेवढंही जड, म्हणून टरेट, म्हणजे तोफेचे वरचे फिरते घुमट, उतरवून ट्रकांवर वेगळे नेले. बिनटरेटचं धूड दुरून रणगाडा वाटतही नाही, हा वरचा फायदा. बालतालपुढे खेचरांची वाट होती, ती मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनियरांनी, रणगाडा जाईल इतकी रुंद केली. त्या उंचीवर हवा सपाटीपेक्षा साधारण तीस टक्के विरळ. पेट्रोल इंजिनाची ताकद तिथेच गळते, वर कार्ब्युरेटरचं मिश्रण घट्ट होऊन प्लग काजळतात. तरी 1 नोव्हेंबरला बर्फातून स्टुअर्ट वर गेले आणि खिंड उघडली. महिना संपायच्या आत कारगिल हाती आलं. तुमचा पन्नास टनी पठ्ठ्या त्या पुलांवरूनच खाली गेला असता.

आणि हो, स्टुअर्टच्या 37 मिमीच्या गोळ्याने दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यावर नुसता ओरखडा उठायचा, हे मला शिकवू नका. जोजिलाला समोर जर्मन रणगाडे नव्हते, दगडी मोर्चे होते. त्यांना तो गोळा पुरला.

बरं, मोकळ्या मैदानात पॅटनसमोर हलका रणगाडा उभा करू नये, मान्य. 1965 ला जम्मूतल्या छांबमध्ये आपल्या 20 लान्सर्स रेजिमेंटच्या हलक्या एएमएक्स-13 वर पाकिस्तानी पॅटनसमोर ती वेळ आली. तरी त्यांनी पॅटन फोडलेच. पण मान्य.

आता तो "डबा". नोव्हेंबर 1971, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं गरीबपूर. 45 कॅव्हलरी रेजिमेंटचे चौदा पीटी-76, सोबत 14 पंजाबचं पायदळ. सकाळचं दाट धुकं, समोरून पाकिस्तानचे हलके चाफी रणगाडे. चाफीत पाच माणसं, पीटी-76 मध्ये तीन. टरेटमध्ये दोघंच, त्यामुळे नेम धरणं, तोफ डागणं, वायरलेस आणि बाकीच्या रणगाड्यांना हुकूम, सगळं कमांडरच्या एकट्याच्या डोक्यावर. धुक्यात पेरिस्कोपमधून काही दिसत नाही, मग डोकं बाहेर काढावंच लागतं. त्या चौदा रणगाड्यांच्या तुकडीचे (स्क्वाड्रनचे) कमांडर मेजर दलजित सिंग नारग तिथेच गेले. महावीर चक्र, मरणोत्तर. चाफींचा तो स्क्वाड्रन त्या सकाळी जवळजवळ संपला.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या बापाचं तरी काय चुकलं? उभा रणगाडा स्वतःहून काही सांगत नाही, आणि पत्रा पातळ दिसतो तो आहेच पातळ. जड मशीनगनची गोळी बाजूने जवळून आत येऊ शकते. पण तो पत्रा पातळ का ठेवला, हे पोराने बरोबर हेरलं होतं. जाता जाता मान वळवून विचारत होतं, "पप्पा, याचं तोंड होडीसारखं का?" पप्पा तोवर पॅटनच्या सावलीत.

तर बाळा, ती होडीच आहे. चौदा टनांची, पण पाण्यावर तरंगते. नदीत उतरायच्या आधी पुढची पाटी उभी करायची, म्हणजे लाट ड्रायव्हरच्या झाकणावर येत नाही. ड्रायव्हरचा पेरिस्कोप उंच करायचा, नाहीतर त्याला त्या पाटीशिवाय काही दिसणार नाही. आतलं पाणी उपसायचा पंप सुरू. मागे दोन जेट आहेत, ते खालून पाणी ओढून मागे फेकतात. डावीकडे वळायचं तर डाव्या जेटचं झाकण लावायचं. बंगालच्या नद्यांत जलपर्णी असते, ती खालच्या जाळीत अडकली की जेटचा श्वास कोंडतो. आणि हे सगळं करण्याआधी, काठावरच, तळाची बुचं हाताने चाचपून घट्ट आहेत ना बघायचं. पंप तेवढं पाणी उपसू शकत नाही.