आईला रस्ता ओलांडता यावा

आज सायंकाळी इंदूरला बिचोली मर्दानाजवळ बायपासच्या कडेला माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई टाळांची पिशवी घेऊन वीस मिनिटे उभी राहिली आणि तशीच घरी परतली. तिचे भजनी मंडळ समोरच्या कॉलनीत भरते. तिथले दिवे आमच्या गच्चीतून दिसतात, पण अंडरपासमार्गे जायचे तर तीन किलोमीटरांचा हेलपाटा पडतो.

घरी येऊन पाहते तर वर्तमानपत्रात 64 किलोमीटरच्या नव्या पश्चिम रिंग रोडची बातमी होती. लांबी होती, पदर किती ते होते. पायी चालणाऱ्यांविषयी एक ओळही नव्हती. मला अतिशय संताप आला.

मांगलिया ते राऊ हा आपला बायपास झाला तेव्हा दोन्ही अंगांना शेते होती आणि ट्रक शहराबाहेरून जावेत एवढाच त्याचा हेतू होता. रस्ता आला तशा जमिनी विकल्या गेल्या, टाउनशिप उभ्या राहिल्या, आणि आता ट्रकांच्या जोडीला शाळेच्या बस अन् दूधवाल्यांच्या मोटारसायकली त्याच वाटेने धावतात. ट्रक बाहेरून जायलाच हवेत, हे मी मान्य करते. पण नव्या रस्त्याभोवतीही वस्ती होणार हे ठाऊक असताना सर्व्हिस रोड, बसथांबे आणि गावांच्या जुन्या गाडीवाटांवरचे बोगदे पहिल्याच नकाशात का नसावेत? रस्ता वाहता झाल्यावर त्याखाली बोगदा काढायचा म्हणजे वर्षानुवर्षे वळणमार्ग आणि धूळ, हे आपण सगळ्यांनी सोसले आहे. वस्ती आधी दुभंगायची आणि मग सांधत बसायचे, याला आखणी म्हणत नाहीत!

याच इंदूरसाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 साली होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला होता. शहर आधी पायी हिंडून पाहायचे आणि मगच आखायचे, ही त्यांची रीत. नवा रस्ता आखणाऱ्यांनी एकदा तरी आईशेजारी त्या कडेला उभे राहावे, एवढेच माझे मागणे आहे.

आई मात्र रागावलेली नाही. टाळ पुसून तिने पिशवीत ठेवले आणि मला विचारले, "पुढच्या गुरुवारी तू सोडशील का गं?" मी ऑफिसातून लवकर निघणार आहे.