सिमकार्ड आले म्हणून रेडिओ मोडेम मोडीत निघाला काय?

पाणीपुरवठा आणि सिंचन योजनांवर काम करणाऱ्या अभियंत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की फाइव्हजीच्या काळात जॅकवेल (नदी-तलावातून पाणी उचलण्याची विहीर), पंपगृह आणि उंच टाक्या एकमेकांना जोडण्यासाठी रेडिओ मोडेम, म्हणजे मोबाइल कंपनीविना थेट रेडिओ लहरींवरून माहिती पाठवणारे उपकरण, बसवणे हा निव्वळ मागासलेपणा आहे. रेडिओचा वेग सेकंदाला 9600 बिट, तर सिमच्या राउटरचा शंभर मेगाबिट. मोबाइलची रेंज आता सगळीकडे पोचली आहे आणि सिम स्वस्तही पडते. उलट रेडिओला परवान्याची कटकट आहे, त्यावरची माहिती कोणीही ऐकू शकतो आणि मध्ये टेकडी आली की सगळा खेळ संपतो. यांपैकी टेकडीचा मुद्दा बराचसा खरा आहे, परवान्याचा अर्धा खरा आहे, आणि बाकीचे मुद्दे प्रत्यक्ष योजनेवर तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

आधी वेगाचा मुद्दा घेऊ, कारण लोकांवर छाप पडते ती त्याचीच. टाकीवरच्या पीएलसीकडून (पंप-झडपा चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक संगणकाकडून) मॉडबस आरटीयू या यंत्रांच्या संवादपद्धतीने दहा रजिस्टर, म्हणजे मोजमापांचे दहा आकडे, वाचायचे असतील, तर विचारणा 8 बाइटची असते आणि उत्तर 25 बाइटचे असते. एका बाइटला दहा बिट धरले, तर 9600 च्या वेगाने हे 33 बाइट साधारण 34 मिलिसेकंदांत जातात-येतात. रेडिओ प्रक्षेपण सुरू करायला लागणारा वेळ आणि पीएलसीचा विचार करण्याचा वेळ धरूनही डझनभर ठिकाणांची एक फेरी काही सेकंदांत आटोपते. आता टाकीकडे पाहा. दोन लाख लिटरची, चार मीटर उंचीची टाकी ताशी पन्नास हजार लिटरने भरत असेल, तर पाण्याची पातळी मिनिटाला दोन सेंटिमीटरही वर सरकत नाही. एवढ्या संथ गोष्टीवर नजर ठेवायला शंभर मेगाबिट कशाला लागतात, हे त्या मजकुरात कोठेही सांगितलेले नाही. कॅमेऱ्याचे चित्र पाठवायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेथे रेडिओ मोडेमने मध्ये पडूच नये.

येथे महत्त्व असते ते उत्तर दर वेळी ठरावीक वेळेत येण्याला. मॉडबस आरटीयूमध्ये साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता झाली, की निरोप संपला असे समजले जाते, आणि 9600 च्या वेगाला ही शांतता जेमतेम चार मिलिसेकंदांची असते. मोबाइल नेटवर्कवर तोच निरोप दोन तुकड्यांत पोचला आणि मधले अंतर एवढे वाढले, तर समोरचे उपकरण तो अर्धवट समजून टाकून देते. राउटरमध्ये योग्य सेटिंग करून यावर मात करता येते, पण ते करणारा माणूस लागतो. औद्योगिक रेडिओ मोडेम मुळात अशा सिरियल निरोपांसाठीच घडवलेला असल्याने आलेला निरोप तो सलगपणे पुढे देतो.

रेंजचा मुद्दा मात्र जरा सविस्तर पाहायला हवा, कारण फोनवर रेंजच्या काड्या दिसणे आणि दुवा शाबूत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिमच्या व्यवस्थेत टाकीची पातळी आधी मोबाइल टॉवरकडे जाते, तेथून कंपनीच्या जाळ्यात शिरून दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचते आणि मग त्याच वाटेने उलटी फिरून सहा किलोमीटरवरच्या पंपगृहात येते. या साखळीतली एकही कडी योजनेच्या मालकीची नसते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या पट्ट्यात वीज आणि मोबाइल सेवा एकदमच कोलमडल्या. अशा वादळात रेडिओचा खांबही वाकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो खांब योजनेचाच फिटर दुसऱ्या दिवशी उभा करू शकतो. मोबाइल टॉवरचा डिझेल जनरेटर केव्हा सुरू होईल, हे त्याच्या हातात नसते.

वादळाचे सोडा, साध्या सरकारी आदेशानेही हा दुवा तुटतो. जून 2023 मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड, जालना भागांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. आदेश योग्य की अयोग्य, हा येथला प्रश्न नाही. अशा आदेशातून टाकीवरचे सामान्य सिम आपोआप वगळले जात नाही, आणि पातळी कळेनाशी झाली की पंपाचा पीएलसी एक तर सुरक्षिततेसाठी पंप बंद करतो किंवा रचना चुकलेली असेल तर टाकी भरून वाहेपर्यंत चालू ठेवतो. पहिल्या प्रकारात गावाला पाणी मिळत नाही आणि दुसऱ्यात वीज व पाणी दोन्ही वाया जातात.

स्वस्ताईचा हिशेब मांडणारे केवळ राउटरची किंमत मांडतात. प्रत्येक ठिकाणाचे रिचार्ज वर्षानुवर्षे भरावे लागते आणि ग्रामपंचायतीत किंवा पाणीपुरवठा समितीत अशी छोटी देयके किती वेळेवर मंजूर होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या नावावरची साधी सिम घालून योजना चालू करून देणे. देखभालीची मुदत संपते, ठेकेदार निघून जातो, आणि काही महिन्यांनी एकेक टाकी पडद्यावर लाल होऊ लागते. यंत्रांसाठी तेरा अंकी क्रमांकाची एम-टू-एम (यंत्र-ते-यंत्र) सिम मिळतात आणि ती संस्थेच्या नावावरच घ्यायला हवीत, पण असा आग्रह निविदेत क्वचित दिसतो. शिवाय नेटवर्कची पिढी बदलली की उपकरणही बदलावे लागते. एअरटेलने 2020 पर्यंत देशातले थ्रीजी गुंडाळले, त्यामुळे त्या काळात बसवलेले थ्रीजी राउटर एक तर टूजीवर रखडले किंवा नवे घ्यावे लागले. स्वतःच्या मालकीच्या रेडिओ दुव्यावर असा निर्णय दुसरे कोणी परस्पर घेत नाही.

उपकरणाच्या दणकटपणाचा त्या मजकुरात उल्लेखच नाही. विदर्भात मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या पॅनेलमधले तापमान साठीच्या घरात सहज जाते. चांगला औद्योगिक रेडिओ मोडेम उणे 40 ते अधिक 70 अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेला असतो, 10 ते 30 व्होल्ट डीसीवर चालतो आणि सौर पॅनेलच्या बॅटरीवर चढउतार झाले तरी गडबडत नाही. घरातल्या कपाटावर ठेवायचा राउटर अशा पॅनेलमध्ये कोंबला, की पहिल्याच उन्हाळ्यात तो अधूनमधून अडकू लागतो आणि मग कोणी तरी मोटारसायकलवर जाऊन तो बंद-चालू करून येतो. औद्योगिक सिम राउटरही मिळतात आणि ते तितकेच दणकट असतात, पण मग 'सिम स्वस्त' हा मुद्दा आपसूक गळतो.

परवान्याबाबत गोंधळ बराच आहे. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2005 पासूनच विनापरवाना वापरासाठी खुला आहे आणि 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढवला गेला; मूळ नियमांनुसार प्रक्षेपकाची शक्ती कमाल 1 वॅट, अँटेनासह प्रभावी शक्ती 4 वॅट आणि वाहक पट्ट्याची रुंदी 200 किलोहर्ट्झ अशी मर्यादा आहे. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची ईटीए ही उपकरण-मान्यता मात्र लागते. याहून जास्त शक्तीचा किंवा स्वतःसाठी राखीव कंपनसंख्येचा रेडिओ हवा असेल, तर रीतसर परवाना आणि शुल्क आलेच, आणि त्यात वेळ जातो. कटकट म्हणायची तर ती एवढीच. खरा धोका वेगळा आहे: ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेचसे मोडेम अमेरिकेच्या 902 ते 928 मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी बनवलेले असतात. त्या पट्ट्याचा काही भाग भारतात मोबाइल कंपन्यांकडे असल्याने ते येथे वापरणे बेकायदा आहे आणि शेजारच्या मोबाइल टॉवरला त्रास देणारेही.

'कोणीही ऐकू शकतो' या आक्षेपाला एक खरे उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मारूची शायर येथे 2000 साली एका माजी ठेकेदार-कर्मचाऱ्याने लॅपटॉप आणि रेडिओ वापरून सांडपाण्याच्या पंपांना बनावट आज्ञा दिल्या आणि सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्याने व ओढ्यांमध्ये वाहून गेले. पण त्या रेडिओ दुव्यावरची माहिती सांकेतिक रूपात जात नव्हती आणि हल्लेखोराला ती यंत्रणा आतून माहीत होती. आजच्या औद्योगिक मोडेममध्ये एईएस या प्रमाणित पद्धतीचे सांकेतिकीकरण (किल्लीशिवाय माहिती वाचता न येणे) असते. ते चालू न करता मोडेम बसवणे हा बसवणाऱ्याचा दोष. सिमच्या बाजूला काय दिसते? बाहेरून पोचता यावे म्हणून इंटरनेटवरचा स्थिर पत्ता घेतलेला राउटर, त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला, आणि मागे मॉडबसचे दार सगळ्या जगाला उघडे. मारूचीच्या त्या माणसाला निदान गाडी घेऊन पंपांच्या आसपास यावे लागले होते.

राहिली टेकडी. येथे भौतिकशास्त्राशी भांडून उपयोग नाही. 10 किलोमीटरच्या दुव्यावर 866 मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेत संकेताची घट सुमारे 111 डेसिबल होते. 1 वॅटचा प्रक्षेपक आणि दोन्ही टोकांना 6 डीबीआयचे (संकेत एका दिशेला एकवटण्याचे माप) अँटेना धरले तर समोर उणे 69 डीबीएमचा (संकेताच्या शक्तीचे माप) संकेत पोचतो, आणि 9600 च्या वेगाला उणे 105 च्या आसपास काम भागत असल्याने हाताशी भरपूर शिल्लक राहते. पण हे गणित वाट मोकळी असेल तरच खरे. दुव्याच्या मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या 29 मीटर भरते आणि तिचा साठ टक्के भाग, म्हणजे साधारण 18 मीटर, मोकळा हवा. उन्हाळ्यात सर्वेक्षण करून बसवलेला दुवा पावसाळ्यात सागाला पाने फुटल्यावर कमजोर पडतो तो याच कारणाने. माथ्यावर पुनर्प्रक्षेपक बसवून एक टेकडी ओलांडता येते. मात्र घाटमाथ्याच्या पलीकडची चार-दोन विखुरलेली गावे जोडायची असतील, तर तेथे सिम किंवा उपग्रह दुवाच घ्यावा, आणि टाकीच्या पंपाचे नियंत्रण त्यावर न सोपवता पंपगृहात वेळापत्रकाची व टाकीत फ्लोट व्हॉल्व्हची (टाकी भरताच तरंगत्या गोळ्याने बंद होणाऱ्या झडपेची) स्वतंत्र सोय ठेवावी.