अर्धा फ्रीज

आमच्या बेकरीची एकूण मालमत्ता: २८ लिटरचा एक ओटीजी (म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन), एक हँड बीटर, केकचे दोन डबे (त्यातल्या आठ इंचीला पोचा आलाय), एक टर्नटेबल आणि अर्धा फ्रीज. अर्धा, कारण उरलेल्या अर्ध्यावर सासूबाईंची सत्ता आहे. सीमारेषा मधल्या कप्प्यातून जाते आणि रोज थोडी थोडी माझ्याच बाजूला सरकते.

सरकारदरबारी मात्र आम्ही मोठे. अन्न परवान्याची नोंदणी केली, तर १४ आकडी नंबर आला. नंबरची लांबी बघून नवरा म्हणाला, "अगं, कंपनी झाली की तुझी!" कंपनीची मालकीण तेव्हा डब्याला चिकटलेला केक उलथन्याने खरवडत होती.

गिऱ्हाइकं गोड असतात, भाव ऐकेपर्यंत. "घरीच तर करता ना ताई, मग दुकानापेक्षा महाग कसा?" घरी म्हटलं की लोकांना वाटतं, लोणी माहेरून येतं. शिवाय केक बिनअंड्याचा पण लुसलुशीत हवा, साखर कमी पण गोड हवा, आणि उद्या सकाळी हवा.

अशीच एक ऑर्डर मे महिन्यात आली. पहिला वाढदिवस, दोन किलो, दोन मजली, आणि वार गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. दुरुस्तीसाठी वीज जायची ती याच दिवशी. मी शहाणपणाने पहाटे पाचला सुरुवात केली. चार स्पंज, ओव्हनमध्ये एका वेळी एकच. तीन झाले. चौथा ओव्हनमध्ये जाऊन वीस मिनिटं झाली आणि पंखा थांबला.

अशा वेळी ओव्हनचं दार उघडायचं नसतं, नाहीतर केक बसतो. मी उघडलं नाही. आतल्या उरलेल्या धगीवर तो शिजेल, अशा आशेने काचेला नाक लावून बसले. केक तरीही बसला. मधोमध चांगलं तळं झालं. पोरं खूश! आमच्या घरात दोन वर्षांत कुणी अख्खा केक खाल्लेला नाही. केक सपाट करताना कापलेले घुमट, करपलेल्या कडा आणि अशी बुडीत तळी एवढंच वाट्याला येतं. धाकट्याला तर केक जन्मतःच चपटा असतो असं वाटायचं.

वीज चारला आली. पुन्हा स्पंज, मग क्रीम. बर्फाच्या पातेल्यात भांडं ठेवून फेटलं, तरी दर पाच मिनिटांनी ते ताकाच्या दिशेने निघायचं. वरचा मजला चढवला आणि लक्षात आलं, की केकची उंची आणि फ्रीजच्या कप्प्याची उंची यांची पत्रिका जुळत नाही. मधली जाळी काढायची, म्हणजे सासूबाईंच्या हद्दीत घुसायचं.

वाटाघाटी अर्धा तास चालल्या. इडलीचं पीठ शेजारच्या काकूंकडे गेलं. मेथीला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ जागा मिळाली. लसणाची चटणी मी होऊन हद्दपार केली, कारण क्रीम शेजाऱ्याचा वास फार लवकर उचलतं. पन्ह्याच्या पातेल्यावर मात्र आई अडून बसल्या. "कैऱ्या मी उकडल्यात, गूळ मी किसलाय, वेलची मी कुटलीये. ते हलणार नाही." शेवटी केक आणि पन्हं दोन तास एकमेकांना खेटून बसले. पातेल्यावर झाकण होतं, पण ते आमच्या आठ इंची डब्याच्याच घराण्यातलं, पोचे आलेलं.

संध्याकाळी कोथरूडहून धायरीला रिक्षाने निघाले. केक मांडीवर, जीव मुठीत. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी "हळू!" ओरडायचे. चौथ्या वेळी रिक्षावाले काका मागे वळून म्हणाले, "ताई, आत बाळंतीण आहे का?" वरचा मजला बोटभर कलला. गिऱ्हाइकाच्या दारात पोचल्यावर मी ती बाजू भिंतीकडे करून ठेवली आणि पैसे घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी फोन. माझ्या पोटात गोळा.

"ताई, केक सगळ्यांना आवडला. त्यात तो वेलचीचा मंद वास होता ना, तो कुठला फ्लेवर? पुढच्या महिन्यात तोच हवा, तीन किलो."

फोन स्पीकरवर होता. आईंनी मटार सोलता सोलता मान वर केली.

"पन्ह्याचे वेगळे लावायचे हो," त्या म्हणाल्या.