वेबसाइट माउंटबोर्डवर चिकटवून कशी तपासता?

"वेबसाइट छापून आणा. होमपेज आणि आतली चार पानं. ए३ कलर प्रिंट, काळ्या माउंटबोर्डवर, चारही बाजूंनी सारखी बॉर्डर सोडून. उजव्या कोपऱ्यात नाव, रोल नंबर."

उपयोजित कलेच्या आमच्या विभागात वेब डिझाइन या विषयाच्या सबमिशनची ही सूचना दर वर्षी नोटीस बोर्डावर लागते. आणि दर वर्षी तिसऱ्या वर्षाची सगळी मुलं मुकाट्यानं प्रिंटच्या दुकानाबाहेर उभी राहतात. वेबसाइट छापायला! स्क्रीनवर उघडायची, बोटानं सरकवायची, दाबून पुढं जायची गोष्ट कागदावर काढायची, मागून रबर सोल्युशन फासायचं आणि भिंतीला टेकवून उभी करायची. मग परीक्षक चार फुटांवरून बघणार, वहीत आकडा टाकणार, पुढच्या बोर्डाकडे जाणार. झालं वेब डिझाइन.

मला याचा प्रचंड राग येतो आणि तो मी आता गिळणार नाही.

रंगापासूनच घ्या. स्क्रीनवरचा निळा हा प्रकाशाचा निळा. छपाईच्या शाईला तो जमतच नाही. आरजीबीतून (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातून) सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) गेला की तो मंद होतो, जांभळट पडतो. हे आम्हाला छपाईच्या तासाला याच विभागानं शिकवलंय, परीक्षेत विचारलंय, त्याचे मार्क दिलेत. आणि आता तोच विभाग छापलेल्या निळ्याकडे बघून म्हणतो, "रंग मळकट वाटतोय." मग मार्क कापतो. अहो, स्क्रीनवर तो मळकट नाहीये! मागे ठेवलेल्या लॅपटॉपवर उघडून ठेवलाय, मान वळवून बघा ना. मी विचारलं होतं, "सर, ब्राउझरमध्ये उघडून दाखवू का?" बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "राहू दे गं, अजून बऱ्याच जणांचं बघायचंय." माझ्या सगळ्या सत्राच्या कामाला एवढंच उत्तर मिळालं.

कागदावर बटण दाबता येत नाही. फॉर्म चुकीचा भरला तर काय दिसतं, ते कळत नाही. माउस नसलेल्या माणसाला नुसत्या टॅबच्या कळीनं पानभर फिरता येतं का, ते कळत नाही. गावाकडच्या कमजोर नेटवर पान उघडायला किती वेळ लागतो, तेही नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फोन. माझ्या ओळखीतली बहुतेक माणसं इंटरनेट फोनवरच बघतात. माझ्या घरात तर लॅपटॉप मी कॉलेजला आले तेव्हा पहिल्यांदा आला. फोनवर तेच पान एका रकान्यात येतं, मेनू आत जातो, मोठं चित्र लहान होतं, महत्त्वाचं बटण अंगठ्याच्या टप्प्यात आणावं लागतं. पडद्याच्या मापाप्रमाणे पान आपोआप बदलावं, ही रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी मांडली ती मे २०१० मध्ये. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आणि आज माझ्या विभागात वेबपानाचं माप एकच आहे: ए३, आडवा.

गुण कशाला, तेही सांगते. कल्पना, मांडणी, रंगसंगती, फिनिशिंग. फिनिशिंग म्हणजे बोर्डाची कड कटरनं सरळ कापली का, कोपऱ्यात सोल्युशनचा डाग राहिला का. माझ्या मैत्रिणीचा बोर्ड एका बाजूनं किंचित तिरका कापला गेला, तिचे मार्क गेले. तिच्या साइटवरचा शोध चालत होता, फिल्टर चालत होते, फोटो हळू नेटवर आधी पुसट आणि मग स्पष्ट होत होते. रात्र रात्र जागून स्वतः शिकून केलेलं काम. ते कुणी उघडलंच नाही. दुसऱ्या एकानं तर साइट बनवलीच नव्हती, फोटोशॉपमध्ये पाच चित्रं काढून छापली होती. त्याला सगळ्यात जास्त मार्क. त्याच्यावर माझा राग नाही, त्यानं नियमाप्रमाणेच केलं. राग नियमावर आहे.

अभ्यासक्रमाबद्दल काय बोलावं! फ्लॅश, म्हणजे वेबपानावर हलती चित्रं चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, त्यात अजून छापलेला आहे. अ‍ॅडोबीनं फ्लॅश बंद करणार हे जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं. ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद केला. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये काही चालेनासंच झालं. साडेतीन वर्षं आधी सांगून बंद केलेली गोष्ट! ती अभ्यासक्रमातून काढायला एक बैठक, एक ठराव आणि एक सही लागते. ती सही झालेली नाही. मग आम्ही फोटोशॉपमध्ये पान रंगवायचं, त्याचे स्लाइस म्हणजे तुकडे पाडायचे, त्यातून टेबलांचं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, निघतं ते जमा करायचं. लेखी पेपरला फ्रेमसेटवर, म्हणजे एका खिडकीत अनेक पानं बसवायच्या जुन्या पद्धतीवर, टीप लिहायची. २०१४ साली एचटीएमएल ५ प्रमाण झालं त्यातच फ्रेमसेट बाद ठरवलाय, पण आमच्याकडे त्याला पाच मार्क आहेत.

लॅबमध्ये इंटरनेट नाही. म्हणजे वायर आहे, जोडणी आहे, पण पासवर्ड ऑफिसात. मुलं गैरवापर करतात म्हणे. वेब डिझाइनच्या लॅबमध्ये वेब नाही, हे कुणाला खटकत कसं नाही?

पण या सगळ्यापेक्षा मला जिव्हारी लागतं ते देवनागरीचं.

आमच्या विभागात सुलेखनाचा केवढा मान आहे. बोरू कसा कापायचा, अंश किती ठेवायचा, आडव्या रेषेचं वजन आणि उभ्याचं वजन यातलं नातं, हे सगळं शिकवतात. छान शिकवतात. सुलेखनकार र. कृ. जोशींचं नाव घेतल्याशिवाय अक्षरलेखनाचा एक तास जात नाही. आणि हेच जोशी सर कॉम्प्युटरवरच्या भारतीय अक्षरांसाठी वर्षानुवर्षं झटले, विंडोजमधला मंगल हा फाँट त्यांच्या हातचा, हे मला कुणी वर्गात सांगितलं नाही. मला ते बाहेर वाचून कळलं. बोरू हातात धरणाऱ्या माणसाला कोड परका वाटला नव्हता. त्यांचं नाव घेणाऱ्या विभागाला मात्र अक्षर कागदाबाहेर गेलेलं चालत नाही.

माझा विषय होता गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट. पूर्ण मराठीत. वाचक बहुतेक वयस्कर, म्हणून अक्षर मोठं, ओळी मोकळ्या, पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या उजेडातला फरक जागतिक निकषात सांगितलेल्या किमान ४.५ : १ च्या वर. फाँट घेतला 'मुक्त' नावाचा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटानं केलेला, फुकट वापरता येतो, शोधता येतो, कुठल्याही फोनवर दिसतो. मला आधी सांगण्यात आलं, "डमी टेक्स्ट इंग्रजीत टाक, लेआउट क्लीन दिसतो." मी ऐकलं नाही. मग सांगण्यात आलं, की शीर्षक जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये कर, इलस्ट्रेटरमध्ये त्याच्या आउटलाइन काढ आणि जेपेग करून पानावर ठेव. सगळाच मजकूर तसा केलास तर उत्तम, "म्हणजे फाँट उडणार नाही."

काय बोलायचं यावर? चित्र करून टाकलेलं मराठी गुगलला सापडत नाही. आंधळ्या वाचकाला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यासमोर मुका होतो. आजोबांनी फोनवर बोटांनी मोठं केलं की ते फुटतं. पुस्तकांची यादी चित्रात असेल तर एखादं नाव शोधायचं कसं? दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती त्यांना वापरता आली पाहिजे असं त्यात लिहिलेलं आहे. ज्या वर्गात हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं, त्या वर्गात नेमकं उलटं सांगितलं जातंय.

पुढचं ऐका. माझं शीर्षक बघून शेरा आला, "ट्रॅकिंग दे थोडं, अक्षरं गर्दी करतायत." इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर अक्षरं मोकळी होतात. देवनागरीत शिरोरेषा तुटते! शब्दाचे तुकडे पडतात. पहिल्या वर्षाच्या सुलेखनाच्या वहीत शिरोरेषा तुटली तर लाल पेनानं गोल करतात आणि स्क्रीनवर मात्र तीच तोडायला सांगतात. ओळींमधल्या अंतराचंही तेच. इंग्रजीला पुरतं तेवढं अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आणि वेलांटीवर आदळतो. मी ते अंतर वाढवलं तर म्हणे "लूज दिसतंय". मोठ्यानं वाचून तरी बघा ते पान, डोळ्यांना कुठे अडतं ते कळेल.

आणि ल, श. राज्य शासनानं नोव्हेंबर २००९ मध्ये निर्णय काढून मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणं ठरवून दिली. ज्या फाँटमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात, तिथं पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे एवढं एका जागी लिहिलं, की ब्राउझर आपोआप मराठी वळण उचलतो. एक ओळ! ही अक्षरकलेचीच गोष्ट आहे. ती आमच्या विभागानं शिकवायची नाही तर कुणी शिकवायची? मी ती ओळ लिहिली होती, व्हायव्हाला सांगायलाही गेले. "कोडचं नको सांगूस, डिझाइनचं बोल."

ती ओळ म्हणजेच डिझाइन आहे, एवढं तरी ऐकून घ्या!

"आर्टवाल्यांना कोड कशाला?" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला तो पानाचं रूप ठरवण्यासाठी. अक्षराचा आकार, समास, ओळींतलं अंतर, रंग. ही आमची भाषा आहे, आमचा विषय आहे. दुसऱ्या वर्षी पेन्सिलीनं, टी-स्क्वेअर लावून आम्ही स्विस ग्रिड, म्हणजे पानाची रकान्यांची चौकट, आखतो. मार्च २०१७ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी या तिन्ही ब्राउझरमध्ये सीएसएस ग्रिड आहे. तेच रकाने, त्याच ओळी, रकान्यांमधल्या त्याच मोकळ्या जागा, फक्त पान लहानमोठं झालं की ग्रिडही बदलतं. ग्रिड येणाऱ्या मुलाला ते शिकवायला फार वेळ लागत नाही. पण ते काम कॉम्प्युटर विभागाचं म्हणून सोडून दिलंय, आणि तिकडचे म्हणतात दिसण्याचं काम आर्टवाल्यांचं. दोघांच्या मध्ये आम्ही.

शिकवणाऱ्यांना नुसती नावं ठेवून मला मोकळं व्हायचं नाही. हा विषय शिकवायला येणारे सर तासिका तत्त्वावर आहेत. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडीवर धावतात, मानधन महिनोन्महिने अडकतं, सुट्टीत तर काहीच नाही. पुढच्या सत्राला बोलावतील की नाही तेही ठाऊक नसतं. अशा माणसानं अभ्यासक्रमाविरुद्ध तोंड कसं उघडायचं? त्यांना सगळं माहीत आहे. मला फ्लेक्सबॉक्स, ही सीएसएसमधली मांडणीची पद्धत, त्यांनीच तास संपल्यावर जिन्यात उभं राहून समजावलं. वर्गात ते शिकवता येत नाही, कारण परीक्षेत फ्रेमसेट आहे. एका चांगल्या माणसाला जिन्यात शिकवावं लागतं, ही लाज त्याची नाही, कायमची जागा न भरणाऱ्यांची आहे.

आणि मग आम्ही मुलाखतीला जातो. तिथं पहिला प्रश्न असतो, "लिंक पाठव." बोर्ड कुणी मागत नाही. माझ्या एका सीनिअरनं बोर्डांचे फोटो पाठवले, पुढं उत्तरच आलं नाही. तो हुशार आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ए ग्रेड, सीईटीत वरचा नंबर. चार वर्षं फी भरली, आणि आता खासगी क्लासला वेगळी फी भरून तेच शिकतोय जे इथं मिळायला हवं होतं. त्याचे वडील एसटीत कंडक्टर आहेत. ती दुसरी फी कुठून आली असेल, याचा विचार सूचना लिहिणाऱ्यानं एकदा करावा. ज्याला क्लास परवडत नाही, तो फोनवर व्हिडिओ बघून शिकतो आणि त्या फोनवर कोड लिहायचा प्रयत्न करतो. मी पाहिलंय. गिटहब पेजेसवर साइट फुकट ठेवता येते, एक पैसा लागत नाही. आणि आम्ही पाच प्रिंट, पाच बोर्ड, वर लॅमिनेशन यासाठी मेसच्या पैशातून काढतो. सत्र संपलं की ते बोर्ड स्टोअररूममध्ये, पुढच्या वर्षी रद्दीत.

मागणी मोठी नाहीये. परीक्षेच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि चालू नेट. मुलांनी पत्ता द्यायचा, परीक्षकांनी तो स्वतःच्या फोनवर उघडायचा, मेनू दाबायचा, फॉर्म चुकवून बघायचा, अक्षर मोठं करून बघायचं. मार्कांच्या तक्त्यातून फिनिशिंग काढा आणि त्या जागी फोनवर चालतं का, मराठी नीट वाचता येतं का, हे दोन प्रश्न घाला. फ्लॅश आणि फ्रेमसेट काढा. लॅबचा पासवर्ड लॅबच्या दारावर लावा. याला निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

आम्ही पंचवीसएक जणांनी सह्या करून हा अर्ज विभागात दिला. आवक क्रमांक पडला, शिक्का पडला. काल त्याची चौकशी करायला गेले तर सांगितलं, अर्ज योग्य नमुन्यात नाही, टाइप करून, प्रिंट काढून, तीन प्रतींत परत द्या. देणार आहोत. तीन काय, तीस प्रती देऊ, आणि प्रत्येक प्रतीवर आमच्या साइटचा पत्ता मोठ्या अक्षरात छापलेला असेल.