तेलाचं पिंप आणि हलगी

टोरांटोत जुलै लागला की घरात बसवत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल अंगावर कपड्यांचे तीन-तीन थर चढवून बसस्टॉपवर काढलेले असतात, त्यामुळे उन्हाळ्याचे मोजके महिने सगळं शहर रस्त्यावर येऊन राहतं. मला इथे येऊन चौदा वर्षं झाली. इस्पितळातली पाळी संपली की शनिवार-रविवारी माझे पाय आपोआप ऑन्टारिओ सरोवराच्या काठाकडे वळतात. हार्बरफ्रंटला पाण्यालगत उघडा रंगमंच आहे, समोर बाकं आहेत आणि बऱ्याचशा कार्यक्रमांना तिकीट नसतं. एका आठवड्यात ब्राझीलचे ढोल, पुढच्या आठवड्यात फिलिपिनो पोरापोरींचा नाच. हाय पार्क नावाच्या मोठ्या बागेत 1983 पासून दर उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटकं होतात. टेकडीच्या उतारावर चटई टाकून बसायचं आणि जमतील तेवढे पैसे द्यायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा निम्मे संवाद कळले नाहीत, तरी रात्री घरी येताना जत्रेहून आल्यासारखं वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एका माणसापाशी मी तासभर अडकून पडले. हार्बरफ्रंटच्या मंडपामागे सत्तरीचा एक त्रिनिदादी म्हातारा गुडघ्यावर स्टीलपॅन घेऊन बसला होता. स्टीलपॅन म्हणजे तेलाचं पिंपच. वरून कापलेलं, तळ ठोकून ठोकून आत खोलवर बसवलेला. त्या खोलगट पत्र्यावर लहान-मोठे खळगे असतात आणि एकेका खळग्यातून एकेक सूर निघतो. मोठे, खर्जातले सूर काठाला आणि बारीक सूर मध्यभागी. म्हातारा छोट्या हातोडीने एका खळग्याच्या कडेला अगदी हलकं टिचकं मारायचा, मग रबर लावलेल्या काडीने सूर काढायचा, डोळे मिटून ऐकायचा. पुन्हा टिचकं. मान हलली की पुढचा खळगा. शेजारी कोण उभं आहे याचं त्याला भान नव्हतं.

मला तिथून हलता येईना, कारण हे मिटलेले डोळे माझ्या ओळखीचे होते. आमच्या घरात हलगी आहे. माझे आजोबा करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी पालखीपुढे हलगी वाजवायचे. वाजवायच्या आधी उसाचं पाचट पेटवायचं, त्या जाळावर हलगीचं कातडं धरायचं, बोटाने टिचकी मारून कानाशी न्यायचं. सूर चढला नसेल तर पुन्हा जाळावर. आजोबाही ऐकताना असेच डोळे मिटायचे. पालखी देवळात गेली की मात्र ते बाहेर थांबायचे. त्यांना आत या असं कुणी कधी म्हटलं नाही.

त्या म्हाताऱ्याच्या पिंपाचाही इतिहास काही वेगळा नाही. 1880 च्या दशकात इंग्रज सरकारने त्रिनिदादमधल्या आफ्रिकी लोकांच्या चामड्याच्या ढोलांवर बंदी घातली. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, आणि 1930-40 च्या दशकांत तेलाची रिकामी पिंपं. हे वाजवणाऱ्या पोरांना तिथले सभ्य लोक गुंड म्हणायचे. आज स्टीलपॅन हे त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. कॅनडाने 1955 पासून कॅरिबियन बेटांवरच्या तरुण बायका घरकामासाठी आणल्या, आणि पुढे तिथली आणखी माणसं आली. 1967 मध्ये कॅनडाला शंभर वर्षं झाली तेव्हा या लोकांनी शहराला भेट म्हणून आपली मिरवणूक दिली. तीच आज ऑगस्टच्या सुरुवातीला निघणारी प्रचंड कॅरिबियन कार्निव्हल. परक्या घरात भांडी घासणाऱ्यांनी यजमानाला दिलेली ही भेट आहे, आणि शहराने ती ठेवून घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इकडे ऑगस्ट संपत आला की माझ्या फोनवर कोल्हापूर सुरू होतं. गणपती जवळ आलेले असतात, आणि घरच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद: मिरवणुकीत डॉल्बी, म्हणजे स्पीकरच्या भिंती, पाहिजे की नको. एक मामा महाद्वार रोडला राहतात, त्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. दुसरीकडे भाचे मंडळी म्हणतात, वर्षातून एक रात्र, तीही तुम्हाला सोसत नाही? मी मामांच्या बाजूची आहे. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची आहे, आणि मी नर्स आहे, मोठ्या आवाजाने कानाचं काय होतं हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. टोरांटोच्या कार्निव्हलमध्येही ट्रकवरून भिंतीएवढे स्पीकर निघतात. पण ती मिरवणूक शहराच्या मधल्या रस्त्यांवरून काढून सरोवराकाठच्या लेक शोअर बुलेव्हार्डवर नेली गेली. तक्रारी अजूनही होतात, पण कुणाच्या झोपायच्या खोलीखाली तो ट्रक उभा नसतो.

पण या वादात सगळ्यांना मान्य असणारं एक वाक्य येतं, आणि तिथे माझं बिनसतं. 'डॉल्बी बंद करा, पारंपरिक वाद्यं आणा.' ऐकायला किती छान! माझा मावसभाऊ हलगी वाजवतो, त्याच्या ताफ्यात घुमकं आहे, कैताळ आहे, सात-आठ जण आहेत. तो मला म्हणाला, "ताई, डॉल्बी बंद करा म्हणणारी मान्सं आमाला बोलवत्यात. पण सुपारी ठरवताना इचारत्यात, चहा-वडापाववर जमंल का म्हणून." डॉल्बीवाल्याला काही लाख देताना कुणी घासाघीस करत नाही असं नाही, पण त्याला वडापाववर या असं कुणी म्हणत नाही. परंपरा हवी, पण ती खांद्यावर घेऊन सात तास चालणारा माणूस फुकट हवा. हा हिशेब माझ्या आजोबांच्या वेळचाच आहे, देवळाच्या पायरीपाशी थांबलेला.

आणि मग ते जळालेलं नाट्यगृह आठवतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव यांची जयंती होती. आग लागली तेव्हा इथे दिवस होता. ड्युटीवर असताना एकामागून एक व्हिडिओ येत होते आणि मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना मिळणारी एकुलती करमणूक म्हणजे तिथल्या शेवटच्या रांगेतलं नाटक, आणि ते मला सोबत न्यायचे. शाहू महाराजांनी ते 1915 मध्ये उभं केलं, पॅलेस थिएटर म्हणून. शेजारीच खासबाग मैदान, कुस्त्यांचं. एका भिंतीपलीकडे नाट्यपदं आणि अलीकडे मातीत लोळणारे पैलवान, अशी जागा मला जगात दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

नाट्यगृह पुन्हा उभं करायचं ठरलं तेव्हापासून लोक त्यावर हिरिरीने बोलतात. जसं होतं तसंच हवं, ध्वनी तसाच हवा, लाकूड तसंच हवं. हे सगळं हवंच. पण तिथे वर्षभर काय होणार आणि कुणाला परवडणार, यावर मी ऐकलेल्या चर्चेत फारसं कुणी बोललेलं नाही. महाराजांनी नुसती इमारत बांधली नव्हती. राजस्थानातून आलेल्या उस्ताद अल्लादिया खाँना त्यांनी दरबारी गायक म्हणून ठेवलं. खाँसाहेबांकडे गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या, आणि त्यांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर. राजस्थान, गोवा, कर्नाटक, सगळं आमच्या पेठांमधून फिरून गेलं. याला त्या काळी कुणी बहुसांस्कृतिक म्हटलं नाही.

मला परदेशाची सगळी व्यवस्था भलतीच आवडते असं नाही. कॅनडाने 1971 मध्ये बहुसांस्कृतिकतेचं धोरण जाहीर केलं, आणि टोरांटोत आज जवळपास निम्मे लोक देशाबाहेर जन्मलेले आहेत. पण उन्हाळ्यातले हे सोहळे पाहताना मला एक गोष्ट खटकत राहते. प्रत्येकाचा आठवडा वेगळा, मंडप वेगळा, खाण्याचा स्टॉल वेगळा. ब्राझीलवाले आपला कार्यक्रम करून जातात, फिलिपिनो त्यांचा. माझ्या शेजारची जमैकन बाई आणि मी एका बाकावर बसून टाळ्या वाजवतो, पण तिच्या गाण्यात माझा सूर मिसळत नाही. कोल्हापूरची गंमत त्या मिसळण्यात होती. बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा एकत्र बसले आहेत. शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला मशिदींमध्ये गणपती बसवण्याची रीत आहे. हे कुणी धोरण म्हणून आखलेलं नव्हतं.

तरी शाहू महाराजांच्या कामात टोरांटोचा मंडपही दिसतोच मला. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, निघालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाचं स्वतंत्र बोर्डिंग. आज कुणी म्हणेल, ही तर फूट. ती फूट नव्हती. ज्याला आधी कुणी दारात उभं केलं नव्हतं, त्याला आधी स्वतःची खोली दिली, आणि मग सगळ्यांना खासबागच्या मातीत आणि नाटकाच्या खुर्चीत एकत्र बसवलं. टोरांटोने खोल्या चांगल्या बांधल्या आहेत, अंगण मात्र तीनच महिने उघडं असतं. आपल्याकडे अंगण बारा महिने होतं, आणि आता आपणच त्याला कुलूप लावत चाललोय: यांचा उरूस, त्यांची जत्रा, हे आपलं, ते बाहेरचं. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून माझ्या शहरात दगड पडले, तेव्हा इथल्या सहकाऱ्यांना मी काय सांगायचं होतं?

'तिकडे बसून बोलायला काय जातंय' असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे. मी तिथे रांगेत उभी नाही. पण मी मागते ते फार नाही. नव्या केशवराव नाट्यगृहात महिन्यातला एक शनिवार ठरवून द्यावा, तिकीट पन्नास रुपयांच्या आत, आणि त्या रात्री रंगमंचावर हलगीचा ताफा असावा, सीमेपलीकडचं कन्नड नाटक असावं, गांधीनगरच्या सिंधी घरांतली गाणी असावीत, कव्वाली असावी. कलाकाराला मानधन आधी, हार-तुरे नंतर. आणि विंगेमागे पाचट पेटवता येत नसेल, आग लागलेल्या जागेत ते योग्यही नाही, तर बाहेर पत्रा टाकून हलगी तापवायची जागा नकाशातच दाखवलेली असावी. नाटकवाल्यांना मेकअपची खोली लागते, तशी हलगीवाल्याला ही लागते.

त्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ मी मावसभावाला पाठवला होता. रात्री उशिरा त्याचा फोन आला. वाद्याचं कौतुक, पाण्याचं कौतुक राहिलं बाजूला, त्याने एकच विचारलं, "तापवत न्हाईत व्हय ह्ये? सूर कसा चढतोय मग?" मला सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, म्हाताऱ्याला शोधून काढलं आणि विचारलं. तो म्हणाला, पिंप ठोकून झालं की एकदाच जाळावर धरतात, पत्रा निळसर होईपर्यंत. नंतर आयुष्यभर हातोडी. तसंच मी कोल्हापूरला कळवलं.

"मंग हलगीच की ती," तो म्हणाला, "फकस्त एकदाच तापवल्याली."