काजवे बघायला डीजे कशाला लागतो?

आज सकाळी एका ग्रुपवर जाहिरात आली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. भंडारदऱ्याला काजवा कॅम्पिंग. तलावाकाठी टेन्ट, डीजे नाईट, शेकोटी, अनलिमिटेड बार्बेक्यू. फोटोत झाडावर हिरवे ठिपके, त्याच झाडाच्या बुंध्यापर्यंत ओळीने तंबू आणि प्रत्येक तंबूवर दिव्यांची माळ. टाकणारा आपल्यातलाच, दर पावसाळ्यात गडावर जाणारा. त्याला तिथेच विचारलं, हे बघून तुला काहीच वाटलं नाही का? म्हणाला, "अगं, एंजॉय करू दे ना लोकांना."

तेव्हापासून एक रात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीये. काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याजवळच्याच रतनवाडीच्या बाजूला एका घराच्या पडवीत मुक्काम होता. जेवणं झाल्यावर घरातले म्हातारे बाबा आम्हाला घेऊन निघाले. सगळ्यांना मोबाईल खिशात टाकायला लावले. त्यांच्या बॅटरीला लाल कागद बांधलेला होता आणि झाडाजवळ पोचल्यावर तीही त्यांनी बंद केली. आधी काहीच दिसेना. डोळे अंधाराला सरावले आणि समोरचं अख्खं झाड एकदम उजळलं, विझलं, परत उजळलं. हजारो काजवे एका तालात. माझी लेक एरवी क्षणभर गप्प बसत नाही, ती तिथे हात घट्ट धरून नुसती उभी होती.

मग वळणावरून एक गाडी आली. हायबीम सरळ झाडावर. दार उघडलं, गाणं बाहेर आलं, कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश लावून झाडाखाली उभं राहिलं. बघता बघता झाड काळं झालं.

गाडीतले म्हणाले, "इथे तर काहीच नाहीये," आणि निघून गेले.

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. काजव्याचा उजेड ही त्याची हाक असते. मे महिन्याच्या शेवटापासून मोठा पाऊस लागेपर्यंत, एवढाच त्यांचा हंगाम. पंख फुटलेल्या काजव्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. नर लुकलुकतो, मादी गवतातून नाहीतर फांदीवरून उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी, त्या लयीवरून ती एकमेकांना ओळखतात. आपण मध्ये भगभगीत दिवा लावला की ती हाकच दिसत नाही. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी ते झाड खरंच काळं राहणार.

शिवाय काजव्याचं आयुष्य झाडावर जातं असं समजू नका. अंडी ओल्या मातीत. अळी महिनोन्महिने पालापाचोळ्यात राहते, गोगलगायी खाऊन वाढते, कोशही बहुतेक जाती मातीतच करतात. आपल्याला दिसतो तो शेवटचा, सगळ्यात छोटा तुकडा. आणि आपण तंबू कुठे ठोकतो? नेमके त्याच झाडाखाली. गवत तुडवून, पाचोळा झाडून, मेखा मारून, कारण उठल्याबरोबर चांगला फोटो मिळायला हवा. लेकीला चार पावलं पुढे जाऊन बघायचं होतं, तर बाबांनी तिला मागे ओढलं होतं. "खाली गवतातबी हायेत, पोरी." तंबू लावणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. १९८६ साली जाहीर झालेलं अभयारण्य. जंगल धोक्यात येईल अशी आग अभयारण्यात पेटवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. पावसाआधीच्या त्या कोरड्या गवतात पेटवलेली शेकोटी दुसरं काय करते? रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही, हा नियम तर शहरातल्या मांडवालाही लागू आहे. मग जंगलात पहाटेपर्यंत ढणढणाट चालतो आणि तो जाहिरातीत छापायची हिंमत होते ती कुणाच्या जोरावर?

रोजगाराचं म्हणाल तर हो, पावसाच्या तोंडावर गावात चार पैसे येतात, ते यायलाच हवेत. पण आम्ही बाबांच्या घरी जेवलो, झोपलो, त्यांच्या सोबत हिंडलो, त्याचे पैसे त्यांना मिळालेच की. त्यासाठी कुणाला स्पीकर लावावा लागला नाही. आणि हो, लहान मुलं, म्हातारी माणसं असली की रात्री उजेड लागतो, हेही खरं. लाल कागद लावलेली बॅटरी पायाखाली धरा, वाट दिसते. मी चाललेय त्या उजेडात.

राग येतोय तो नवख्या लोकांचा नाही. शहरात वाढलेल्या पोरांनी कधी खरा अंधार बघितलेलाच नसतो, त्यांना तो दाखवावा लागतो. एकदा बघितला की तीच पोरं दुसऱ्याला मोबाईल बंद करायला सांगतात. माझी लेक सांगते, शाळेच्या सहलीतसुद्धा सांगते. राग आहे तो सगळं माहीत असून असल्या जाहिराती पुढे ढकलणाऱ्या आपल्या लोकांचा. गडावर प्लास्टिक गोळा करतानाचे फोटो टाकायचे आणि जूनमध्ये हे?

गाडी गेल्यावर आम्ही बराच वेळ तिथेच थांबलो होतो. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "दम धरा ताई, लगेच न्हाई लागायची आता." इकडे एक, तिकडे दोन असे काजवे परत लुकलुकू लागले. सगळ्या झाडाचा तो एक ताल मात्र आम्ही निघेपर्यंत जमला नाही.

ग्रुपवर हे सांगितलं तर एकाने लगेच त्या झाडाचं लोकेशन मागितलं. देणार नाही. जायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर रीतसर प्रवेश फी भरा, गाडी गावात लावा, गावातला माणूस सोबत घ्या, त्याला नीट पैसे द्या आणि तो थांबवेल तिथे थांबा. काजवे बाटलीत भरायचे नाहीत, पोरांनाही भरू द्यायचे नाहीत. आणि ज्याने ती जाहिरात टाकली त्याला सांगते, ती अजून ग्रुपवर तशीच आहे. काढ ती.