आयर्न 450 वर नेल्याने मोठा कनेक्टर बसत नाही

दुरुस्तीच्या धंद्यातल्या आमच्या मंडळींत सध्या एक सल्ला मोबाइलवरून फिरतोय: मोठा कनेक्टर बोर्डावर सोल्डर धरत नसेल तर सोल्डरिंग आयर्न 450 अंशांवर न्या, टोकदार बिट (आयर्नचं टोक) लावा, थोडं अ‍ॅसिड फासा, आणि जॉइंट चमकला की झालं. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं ऐकू नका.

आधी ते 450. शिशाचं 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळतं, बिनशिशाचं 217 च्या आसपास. म्हणजे 350 वरच्या आयर्नला तापमान कमी नाही, कमी पडते ती उष्णता. एक्सटी60 या बॅटरीच्या मोठ्या कनेक्टरच्या जाड पिना आणि बोर्डातला ग्राउंडचा तांब्याचा थर ती टेकल्याबरोबर ओढून घेतात, आणि 25 वॉटचं आयर्न तेवढ्या वेगाने ती परत पुरवू शकत नाही. काडीपेटीच्या काडीची ज्योत कढतच असते, पण तिच्यावर न्हाणीतलं पाणी तापवायचं भाण तापत नाही. आकडा चढवला की फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो लेप) क्षणात जळतो, बिट काळी पडते आणि दाबून धरता धरता पॅड, म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, सुटतो. साधा एफआर4, म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीचा, बोर्ड 130-140 अंशांनाच कडकपणा सोडू लागतो. जत्रेच्या आदल्या दिवशी फोंड्याकडचा एका नाटक मंडळाचा बॅटरीवरचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला होता. कनेक्टरला बोट लावलं तर तो पॅडासकट हातात आला. ट्रॅक खरवडून, जाड तार टाकून कसाबसा चालता केला. 20-30 अंश वाढवायला माझी हरकत नाही, 100 वाढवायला आहे.

टोकदार बिटेने उष्णता एकवटते, हेही खोटं. टेकणारी जागा जितकी कमी, तितकी उष्णता कमी जाते. चार-पाच मिलिमीटर रुंद चपटी बिट घ्या, 60-80 वॉटचं आयर्न घ्या, बिटेवर ताजं सोल्डर घ्या; त्या ओल्या थेंबातूनच उष्णता पिनेत उतरते. बोर्ड खालून हॉट एअरने 100 अंशांपर्यंत ऊबदार केलात, तर निम्मं काम तिथेच होतं. एक्सटी60 असेल तर जोडीचा दुसरा भाग आत खोचून ठेवा, म्हणजे नायलॉन मऊ झालं तरी पिना वाकड्या होत नाहीत.

अ‍ॅसिडबद्दल मला राग येतो. झिंक क्लोराइडचं ते फ्लक्स पत्र्याच्या, नळाच्या कामाचं. बोर्डावर उरलेला त्याचा अंश हवेतली ओल ओढतो आणि तांबं खातो. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवाच ओली, किनाऱ्याला वर मीठ. तिथे रोझिन (राळेचा) फ्लक्सच हवा.

राहिली चमक. बिनशिशाचा चांगला जॉइंटही मंदच दिसतो. उलट चकचकीत गोळा पॅडला न धरता नुसता वर बसलेला असू शकतो. कडा पॅडवर पसरत पातळ झालीय का, ते बघा. मग बोर्ड उलटा करा: भोकातून सोल्डर दुसऱ्या बाजूला आलेलं नसेल, तर फ्लक्स घालून परत तापवा.